हाकेची पत

संध्याकाळच्या वेळी कोणत्याही गावाच्या मैदानावर जा. एक देखावा हमखास पाहायला मिळेल. एक सद्गृहस्थ हातात मोकळी साखळी घेऊन उभे आहेत आणि ओरडत आहेत, "मोती! अरे मोती, ये! ये म्हणतो ना! इकडे ये बघू!" पन्नास-साठ पावलांवर मोती एका लिंबाच्या बुंध्याशी नाक लावून उभा आहे. त्याचा एक कान किंचित मागे वळतो. म्हणजे हाक पोचली आहे. पण मोती काही हलत नाही. गृहस्थांचा आवाज चढतो, पोरेसोरे हसू लागतात, शेवटी गृहस्थ धावत सुटतात आणि त्यांच्यापुढे मोती. या शर्यतीत कोण जिंकते हे सांगायला नको. केव्हातरी मोती हाती लागतो, पाठीत दोन रट्टे खातो आणि वरात घरी परतते. "फार हट्टी कुत्रा आहे हो आमचा," असे मालक वर आपल्यालाच सांगतात.

मोती हट्टी नाही. त्याच्या मालकाच्या हाकेची पत गेली आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

'पत' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. ज्या पेढीची हुंडी दाखवताक्षणी वटते, तिच्या कागदाला बाजारात रोकड पैशाचे मोल असते. तीच हुंडी चार वेळा परत आली, की पाचव्या वेळी तिला कोणी हात लावीत नाही. हाकेचेही तसेच आहे. "तू आलास तर तुझे भले होईल," असे वचन आपण हाकेतून कुत्र्याला देत असतो. वचन पाळले गेले की हाकेचे वजन वाढते. मोडले की घटते. कुत्रा हा हिशेब बोलून दाखवीत नाही, पण ठेवतो मात्र चोख.

विषय तुम्हाला किरकोळ वाटेल. पण हाकेला न येणाऱ्या कुत्र्याचे पुढे काय होते, याचा विचार करून पाहा. एखादे दिवशी तो मांजरामागे रस्त्यावर धावतो आणि गाडीखाली सापडतो; किंवा तो आडवा आला म्हणून दुचाकीवरचा माणूस पडतो; किंवा शेजाऱ्याचे पोर घाबरून किंचाळते. त्यानंतर घरात ठराव होतो, की याला सोडायचे नाही. मग दहा-बारा वर्षांचे सारे आयुष्य त्या जिवाने पाच हात साखळीच्या वर्तुळात काढायचे. हाकेला ओ देणारा कुत्राच मोकळा धावू शकतो. म्हणून हाकेचे शिक्षण म्हणजे कुत्र्यावर घातलेले बंधन नव्हे. त्याच्या मोकळेपणाची ती किल्ली आहे.

आता तो का येत नाही ते पाहू. इव्हान पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे नाव तुम्ही ऐकले असेल. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले; पण लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांचे कुत्रे. तालाचे ठोके देणारे यंत्र सुरू करायचे आणि लगेच कुत्र्याला खायला द्यायचे. असे बऱ्याच वेळा केल्यावर नुसत्या ठोक्यांनीच त्याच्या तोंडाला पाणी सुटू लागे. इथवरची गोष्ट कॉलेजातली मुले परीक्षेत बिनचूक लिहितात. तिचा पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि आपल्या कामाचा आहे तो तोच.

ठोके वाजवीत राहायचे आणि खायला काहीच द्यायचे नाही, असा क्रम पावलॉव्ह यांनी चालवून पाहिला. लाळ कमी कमी होत गेली आणि शेवटी थांबली. ठोके तेच, कुत्रा तोच. फक्त ठोक्यांचा अर्थ नाहीसा झाला. मैदानावर पंधरा वेळा "ये, ये" म्हणून ओरडणारे आपले गृहस्थ, स्वतःला नकळत, हाच प्रयोग करीत असतात.

दुसरी गोष्ट याहून मजेची आहे. प्रयोगशाळेतला एखादा साहाय्यक खपून कुत्र्याला एखादा धडा पक्का शिकवी आणि मोठ्या हौसेने पावलॉव्हसाहेबांना दाखवायला बोलावी. साहेबांनी खोलीत पाऊल टाकले, की कुत्रा त्यांच्याकडे पाहू लागे आणि शिकवलेले सारे फुकट जाई! नवे काही दिसले की आधी "हे काय?" म्हणून तिकडे लक्ष जायचे, ही उपजत प्रवृत्ती असते, असे पावलॉव्ह यांनी लिहून ठेवले आहे. पुढे सेंट पीटर्सबर्गला या प्रयोगांसाठी त्यांनी जाड भिंतींची खास इमारत उभारली. बाहेरचा आवाज वा हादरा आत येऊ नये अशी तिची रचना होती, आणि तिला 'शांततेचा मनोरा' असे नाव पडले होते. आता तुम्हीच सांगा, एक माणूस आत आला म्हणून जिथे नामांकित शास्त्रज्ञाच्या कुत्र्याचे लक्ष उडते, तिथे समोरून शेळ्यांचा कळप चालला असता आपल्या मोतीने मान वळवू नये, ही अपेक्षा कितपत रास्त आहे? त्यातून त्याचे जग प्रामुख्याने वासाचे. आपल्याला जे नुसते झाडाचे खोड दिसते, ते त्याच्या दृष्टीने गावचे वर्तमानपत्र असते. अर्धा मजकूर वाचून झाला असता कोणी हाक मारली, तर आपण तरी लगेच उठतो का?

तेव्हा गुण दोन शिकवायचे आहेत : हाकेचा अर्थ पक्का करायचा, आणि तो गडबडीतही टिकवायचा. पहिला गुण घरात शिकवता येतो. दुसऱ्यासाठी पायरीपायरीने बाहेर पडावे लागते. बहुतेक मंडळी पहिल्या दिवशीच कुत्र्याला मैदानावर नेऊन सोडतात. पहिलीच्या मुलाला मॅट्रिकच्या परीक्षेला बसवण्यासारखेच हे.

शिकवण्यापूर्वी, पत बुडवण्याचे आपले नेहमीचे तीन मार्ग बंद केले पाहिजेत. पहिला म्हणजे बोलावून शिक्षा करणे. कुत्रा उशिरा का होईना, आला. आणि आपण त्याला फटका दिला. आपल्या मते ती उशिराची शिक्षा. त्याच्या मते ती येण्याची शिक्षा. कारण शेवटची कृती तीच होती. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून सांगितले, की ज्या कृतीचा शेवट गोड होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो. शेवट कडू झाला तर काय होणार, हे वेगळे सांगायला नको. म्हणून तासाभराने आला तरी त्याचे स्वागतच करा. राग आला असेल तर तो गिळा. कुत्र्यावर काढू नका.

दुसरा मार्ग, कुत्र्याला फक्त नावडत्या गोष्टींसाठी बोलावणे. आंघोळीसाठी हाक, औषधासाठी हाक, नखे कापायला हाक, आणि रोज मैदानावर खेळ रंगात आला असता साखळीसाठी हाक. "ये" म्हणजे "मजा संपली" असाच अर्थ तो लावणार. आंघोळीला न्यायचे असेल तर न बोलावता स्वतः त्याच्यापाशी जा. आणि मैदानावर दहा वेळा बोलावले, तर नऊ वेळा खाऊ देऊन परत सोडा. म्हणजे दहाव्या वेळची साखळी त्याला खुपत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे रिकामी हाक. येणार नाही हे दिसत असता हाका मारीत सुटणे. ज्या क्षणी तुम्हाला स्वतःला वाटते, की आता काही हा येत नाही, त्या क्षणी तोंड बंद ठेवा.

आता प्रत्यक्ष शिक्षण. आधी शब्द ठरवा. कुत्र्याचे नाव आपण दिवसभर घेत असतो. "मोतीने दूध प्यायलं का", "मोती, गप्प बस". म्हणून नुसते नाव ही हाक होऊ शकत नाही. नावापुढे एक शब्द जोडावा : "मोती, ये!" आपल्याकडे 'यू यू' करून बोलावण्याची जुनी रीत आहे, तीही चांगली. पण घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा. आजोबा 'यू यू', आई 'ये' आणि धाकटा 'कम हिअर' म्हणू लागला, तर कुत्र्याने तीन भाषा शिकायच्या! पूर्वीच्या शब्दाची पत बुडालीच असेल, तर तो सोडून द्या आणि नवा शब्द घ्या. शिट्टीही उत्तम. तिचा सूर लांबवर पोचतो आणि मुख्य म्हणजे शिट्टीला राग येत नाही. सकाळी प्रसन्न असताना आणि संध्याकाळी चिडलेले असताना तुमचा आवाज एक राहत नाही, शिट्टीचा राहतो.

मग खाऊ ठरवा. रोजच्या वाडग्यातली भाकरी मैदानावर कामाला येत नाही. उकडलेल्या कोंबडीचे बिनमिठाचे बारीक तुकडे, उकडलेले अंडे, शाकाहारी घरात पनीर असे काहीतरी, जे एरवी मिळत नाही, ते घ्या. तुकडा हरभऱ्याएवढा पुरे. चॉकलेट, मनुका, द्राक्षे आणि कांदा मात्र चुकूनही नको. कुत्र्यांना ते विषासारखे बाधतात.

पहिला आठवडा घरातच. चार-पाच पावलांवरून, तो तुमच्याकडे पाहत असता, आनंदाच्या स्वरात एकदाच "मोती, ये!" म्हणा. आला की लगेच खाऊ आणि कौतुक. आधी हाक, मग खाऊ. खाऊ दाखवून हाक मारू नका, नाहीतर हाताकडे पाहून यायचे की नाही ते तो ठरवू लागेल. खाऊ देताना दुसऱ्या हाताने गळ्यातला पट्टा हलकेच धरा आणि सोडून द्या. हे महत्त्वाचे आहे. हाकेला येऊन दोन हातांवर थांबणारे आणि पट्ट्याला हात घालताच निसटणारे कुत्रे पुष्कळ आहेत. पट्ट्याला हात लागणे म्हणजे खाऊ मिळणे, असे त्याला वाटले पाहिजे. दिवसातून दहा-बारा हाका पुरेत, त्याही विखरून. घरात मूल असेल तर उत्तमच. एकाने स्वयंपाकघरातून आणि दुसऱ्याने ओसरीवरून आळीपाळीने बोलवा. मुले आणि कुत्रा, कोण अधिक रमते हे सांगणे कठीण.

घरात दहापैकी नऊ हाकांना धावत येऊ लागला, की अंगणात किंवा गच्चीवर या. मग निवांत गल्लीत. मग मैदानाच्या कोपऱ्यात, गर्दीपासून लांब. येथपासून तीस फुटांची दोरी लागेल. ती गळ्यातल्या पट्ट्याला न बांधता छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा, म्हणजे धावता धावता मानेला हिसका बसणार नाही. आणि बोटांभोवती गुंडाळून घेऊ नका. दोरी ओढून आणण्यासाठी नाही. हाक फुकट जाऊ नये म्हणून आहे. हाक मारली आणि तो आला नाही, तर दुसरी हाक न मारता दोरी धरून त्याच्यापर्यंत चालत जा, खाऊ नाकाशी न्या, चार पावले मागे या आणि तो सोबत आला की द्या.

पायऱ्या चढताना एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. अंतर वाढवले तर गडबड वाढवू नका. नवी जागा असेल तर अंतर कमी करा. समोर दुसरा कुत्रा असेल तर आधी शंभर पावलांवरून सराव, मग ऐंशी, मग पन्नास. लागोपाठ दोनदा हाक फसली, की एक पायरी खाली उतरा. त्यात कमीपणा नाही.

गडबडीत हाक टिकवण्याची खरी युक्ती मात्र खाऊच्या पुढची आहे. डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली असे मांडले, की प्राण्याला जी गोष्ट करावीशी वाटते, तिचेच बक्षीस दुसऱ्या गोष्टीसाठी देता येते. आपल्या घरोघरच्या आयांना हे मुळीच नवे नाही. "आधी पाढे, मग खेळ" हाच तो नियम. मोतीला लिंबाचे खोड हुंगायचे आहे ना? मग बोलवा, आला की खाऊ द्या आणि म्हणा, "जा, हुंग!" जे खोड तुमचे शत्रू होते, ते आता तुमच्या बाजूने काम करू लागते. तुमच्याकडे येणे हाच तिकडे जाण्याचा जवळचा रस्ता आहे, हे त्याला एकदा कळले की बरेच काम झाले.

खाऊ जन्मभर द्यायचा का, असे तुम्ही विचाराल. दर वेळी नको, पण बंद कधीच करू नका. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत दिसून आले आहे, की बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला तर शिकलेली सवय अधिक चिवट होते. कधी नुसती शाबासकी, कधी एक तुकडा, कधी चेंडू, आणि शेळ्यांचा कळप सोडून आला त्या दिवशी मूठभर खाऊ.

एवढे करूनही एखादे वेळी तो येणार नाही. तेव्हा काय करावे? धावू मात्र नका. कुत्रा भाकरी घेऊन पळाला, तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले अशी कथा आहे. पण त्यांच्या हाती तूप होते. आपल्या हाती साखळी असते. पाठलाग हा कुत्र्याचा आवडता खेळ आहे. तोच उलटा खेळा : त्याचे लक्ष वेधून तुम्हीच विरुद्ध दिशेने पळा. बरेच कुत्रे मागे येतात. जमिनीवर बसल्यानेही येतात. पण रस्त्यावर जन्मून घरात आलेल्या कुत्र्यासमोर एकदम वाकू नका. माणूस वाकला म्हणजे दगड उचलला, हा धडा त्याने लहानपणीच घेतलेला असतो. अशा वेळी त्याच्याकडे पाठ करून शांतपणे बसा.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तुम्ही रस्त्याच्या या बाजूला, कुत्रा त्या बाजूला आणि मध्ये वाहने, अशी वेळ आली तर त्याला बोलावू नका. चांगला शिकलेला कुत्रा हाक ऐकताच सरळ धावेल. स्वतः रस्ता ओलांडून जा आणि पट्टा धरा.

शेवटी मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तीन महिन्यांचे पिल्लू न शिकवताही मागे मागे येते, म्हणून मालक निर्धास्त राहतात. सहा महिने ते दीड वर्ष या वयात त्याला जगाची ओढ लागते आणि पुष्कळांचा धीर येथेच सुटतो. त्या काळात दोरी सोडू नये, सराव सोडू नये. जातीचाही फरक असतो. मुधोळचा शिकारी कुत्रा, ज्याचे चित्र २००५ साली भारतीय टपाल तिकिटावर आले, तो पळते जनावर नजरेने टिपून वाऱ्यासारखा सुटतो. सशामागे सुटलेल्या त्या कुत्र्याच्या कानी हाक पोचवणे सोपे नाही. कुत्री माजावर असली की नरांचे भान सुटते. आणि दिवाळीत फटाक्यांनी बिथरलेल्या कुत्र्याला काहीच ऐकू येत नाही म्हटले तरी चालेल. त्या दिवसांत त्याला घरात ठेवावे आणि बाहेर नेताना पट्टा तपासून घ्यावा. वाहत्या रस्त्यावर तर कितीही शहाण्या कुत्र्याला मोकळे सोडू नये. विजेचा झटका देणारे पट्टे बाजारात मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. झटका बसला त्या वेळी समोर एखादे मूल असले, तर कुत्रा त्याचा दोष त्या मुलावर ठेवील. आणि मग आपल्यासमोर हाकेपेक्षा मोठा प्रश्न उभा राहील.

सुरुवातीला मैदान नको, दोरी नको, खर्च तर मुळीच नको. आज रात्री मोतीचे जेवण वाढाल, तेव्हा वाडगा हातात घेऊन दोन पावले मागे या, तो तुमच्याकडे पाहत असता एकदाच हाक मारा आणि तो आला की वाडगा खाली ठेवा. उद्या शेजारच्या खोलीतून हाक मारा. रोज दोन जेवणांच्या दोन हाका वटल्या, तर महिन्याला साठ होतात. एवढी शिल्लक हाताशी असली, की गल्लीत पाऊल टाकायला हरकत नाही.